खिशातले फ्यूज

"पट्टा कुणी चालू केला?" मलप्पा मिस्त्री ओरडला तेव्हा त्याच्या हातातला निम्मा चहा सांडलेला होता.

तूर वर नेणारा बादल्यांचा पट्टा साफसफाईसाठी मुद्दाम थांबवला होता, आणि तो आपला आपण खडखडत वर चालला होता. पट्ट्याच्या बुडाशी असलेल्या खड्ड्याच्या तोंडाशी झाडकाम करणारी कोंडाबाई उभी होती. झाडणी वरच राहिली म्हणून ती दोन मिनिटांपूर्वी शिडी चढून आली होती. राहिली नसती, तर आत्ता ती खाली पट्ट्याजवळ, बादल्यांत अडकलेला भुसा हाताने काढत बसलेली असती.

मालकांचा मुलगा महांतेश ऑफिसातून बाहेर आला. तीन महिन्यांपूर्वी त्यानेच या डाळ मिलमध्ये वायरलेसचे डबे बसवून घेतले होते. खुर्चीत बसल्या बसल्या मोबाईलवरून मोटर चालू, मोटर बंद. लातूरच्या एमआयडीसीतले निम्मे मिलवाले हे कौतुक बघून चहा पिऊन गेले होते.

"मी नाही काका. माझा मोबाईल चार्जिंगला होता," तो म्हणाला आणि मोबाईलवरूनच पट्टा थांबवला. "लाईटीचा झटका आला असेल."

लाईटीचा झटका. हे शब्द मलप्पाच्या चांगल्या ओळखीचे होते, कारण बावीस वर्षांपूर्वी ते त्यानेच वापरले होते.

तेव्हा तो दुसऱ्या मिलमध्ये होता. असाच पट्टा, असाच खड्डा, आणि खड्ड्यात कोंडाबाईचा नवरा पंढरी. मलप्पाने बटणापाशी उभं राहून हाक मारली, "झालं का?" कुणीतरी "हाव" म्हणालं. तो हाव एका हमालाचा होता. त्याला कुणी चहा घेतो का म्हणून विचारलं होतं. मलप्पाने बटण दाबलं आणि पंढरीचा डावा हात कोपरापासून गेला. चौकशीला साहेब आले तेव्हा मलप्पा खाली मान घालून म्हणाला, लाईटीचा झटका आला असंल. साहेबांनी तेच लिहून घेतलं. लाईट काय, बिचारी उलटून बोलत नाही.

त्यानंतर तो विरूपाक्ष मालकांच्या या मिलमध्ये आला आणि माणसाच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवायचं त्याने सोडलं. कुणी खड्ड्यात उतरायचं असलं की तो मोटरचे चिनीमातीचे तिन्ही फ्यूज उपटायचा आणि खिशात घालायचा. माणूस वर आल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते खिशातून निघत नसत. "मिस्त्री खिशात मिल घालून हिंडतो," असं हमाल चिडवायचे. सात वर्षांपूर्वी कोंडाबाई याच मिलमध्ये कामाला लागली. संध्याकाळी पंढरी तिला न्यायला गेटवर यायचा, उजवा हात वर करून "जय भीम, मिस्त्री" म्हणायचा. मलप्पाही जय भीम म्हणायचा, पण बघायचा रस्त्याकडे.

वायरलेसच्या डब्यांबरोबर आलेल्या नव्या पॅनलमध्ये फ्यूज नव्हते. मेन स्विच ओढावा तर अख्खी मिल थांबते. एकटा पट्टा बंद करायचा तो मोबाईलवरून. तीन महिने झाले, ते तीन फ्यूज मलप्पाच्या हत्यारांच्या पेटीत पडून होते.

दुपारी त्याने जेवणाचा डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला. जिवाला चैनच पडेना. शेवटी त्याने खड्ड्याच्या तोंडावर फळी टाकली, कोंडाबाईला गेटजवळच्या लिंबाखाली बसवलं, मी येईपर्यंत हलायचं नाही असं बजावलं, आणि शेजारची मिल गाठली. तिथला पट्टा चालवणारा रेवणसिद्ध मोबाईल चाळत बसला होता. वायरलेसचे डबे बसवणारा डबेवाला दोन्हीकडचा एकच.

"अकराच्या सुमाराला तुमचा पट्टा चालू केलतास का?"

"हाव. पहिल्यांदा झालाच न्हाई. मग दुसरं बटन दाबलं, तवा झाला."

"दुसरं कुठलं? दाखव."

मोबाईलवर एकाखाली एक दोन ओळी होत्या. 'युनिट १' आणि पुन्हा 'युनिट १'.

"आधी येकच व्हती," रेवणसिद्ध म्हणाला. "खिडकीतून ऊन येतं म्हणून परवा टेबल तुमच्या बाजूच्या भिंतीकडं सरकवलं, तवापासून दोन दिसून राहिल्यात. मला वाटलं, मोबाईलच बिघडला."

"अन् पासवर्ड?"

"येक दोन तीन चार. डब्याबरूबर आलता त्योच."

मलप्पाच्या मिलमधल्या डब्याचाही तोच होता. "वरची ओळ दाब," तो म्हणाला.

रेवणसिद्धने दाबली. भिंतीपलीकडे, विरूपाक्ष मालकांच्या मिलमध्ये, पट्टा खडखडला.

मलप्पाने परत येऊन सांगितलं तसा महांतेशने डबेवाल्याला फोन लावला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. नुसता पासवर्ड बदलून भागणार नव्हतं. डब्यातच खोट निघाली होती, कंपनीने तसं पत्रकही काढलं होतं. जाणता माणूस पासवर्डशिवायही आत शिरू शकत होता. नवं सॉफ्टवेअर घालायला अर्धा दिवस मिल बंद ठेवावी लागणार होती.

"तुरीचा हंगाम हाय," विरूपाक्ष मालक म्हणाले. "रविवारी बघू. डाळ मिलीत कोण चोर शिरून बसणार हाय?"

"चोर कशाला पायजे मालक? रेवणसिद्ध बास हाय की." मलप्पाचा आवाज चढला. "ह्या डब्याला मालक कोण, शेजारी कोण, कायच कळत न्हाई. कुणी बी हाव म्हणलं की ह्यो चालू. पट्ट्याच्या मोटरीला मी जुने फ्यूज बसवतो. न्हाईतर मला रजा द्या. कायमची."

एकवीस वर्षांत मलप्पाने मालकांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"काका, एकदा असा घोटाळा झाला म्हणून आपण मागे जायचं का?" महांतेश म्हणाला.

"सकाळी तुमी झटका म्हणलात भैया, झटका नसतोय." मलप्पाला दाराशी उभी असलेली कोंडाबाई दिसली. आता थांबलो तर या जन्मी बोलणार नाही, हे त्याला कळलं. "मी बी तसंच म्हणलो व्हतो. झटका आलता म्हणून. बटन मी दाबलं व्हतं. पंढरीचा हात माझ्यामुळं गेला."

मालकांनी कोंडाबाईकडे बघितलं, मग टेबलाकडे.

"बसव फ्यूज," ते म्हणाले.

तासाभरात मलप्पाने फ्यूजचा जुना बोर्ड मोटरच्या वायरीत जोडला. मग कोंडाबाईला खड्ड्यात उतरायचं म्हणून तिन्ही फ्यूज उपटले. झाडणी घेऊन कोंडाबाई खड्ड्यापाशी उभी होती. तिच्याकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

"तू आता हितं आली न्हाईस तरी माझं काई म्हणणं न्हाई," तो म्हणाला.

"आमच्या घरच्यांला म्हाईत व्हतं."

"काय?"

"त्यांना वर काढलं तवा बटनापाशी तुमीच व्हता. त्यांनी बघितलं व्हतं."

"मग तुला हितं कामाला कसं धाडलं त्यानं?"

"त्यांनीच धाडलं. म्हणले, कामाला लागायचंच तर मलप्पाच्या मिलीत लाग. त्यो आता कुणाचा हात जाऊ द्यायचा न्हाई."

सात वर्षं गेटवर ज्याच्याकडे बघायचं मलप्पाने टाळलं, तो माणूस रोज आपली बायको त्याच्या भरवशावर ठेवून जात होता. त्याने बाहीने डोळे पुसले.

कोंडाबाईने हात पुढे केला. "आणा ते हिकडं."

त्याने तिन्ही फ्यूज तिच्या हातावर ठेवले. तिने ते पदरात घेतले, गाठ मारली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि ती शिडी उतरली.

मलप्पाचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. तो खड्ड्यावर वाकला.

"कोंडाबाई, हायस ना आत?"

"हाव," खालून आवाज आला, आणि झाडणीच्या खरखरीबरोबर पदरातले फ्यूज एकमेकांवर वाजले.