दगडांच्या ढिगाजवळचा कोपरा

नेस्तोरला माती देऊन बारा दिवस झाले आणि त्याच्या शेतात एकदम सात हार्वेस्टर उतरले. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या माळावर रीतच होती तशी. उभं पीक टाकून घरधनी गेला, तर शेजारी आपलं काम सोडून आधी त्याचं काढतात. बोलवावं लागत नाही.

त्याची बायको पारास्का पहाटेपासून चुलीपाशी उभी होती. जेवायला सोळा माणसं. बटाट्याच्या करंज्या उकळत्या पाण्यात सोडताना तिचा हात मधूनच एप्रनच्या खिशाकडे जाई. खिशात लाल फीत होती.

नेस्तोर दर वर्षी दगडांच्या ढिगाजवळ मूठभर गहू न कापता उभा ठेवी. त्या ओंब्यांना लाल फीत बांधी, मुळाशी पावाचा तुकडा आणि चिमूटभर मीठ ठेवी. “जमिनीचं सगळंच ओरबाडून नेऊ नये,” म्हणे. बर्फ पडायच्या आत तेवढे दाणे हाताने चोळून बरणीत भरी आणि पुढच्या पेरणीत मिसळी. दगडांचा तो ढीगही त्याचाच. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आयुष्यातली साठ वर्षं त्याने त्या शेतातून दगड वेचले होते. गारांनी सगळं पीक झोपवलं त्या वर्षी रांगत रांगत त्याने उभ्या राहिलेल्या अकरा ओंब्या शोधल्या. धाकटी मुलगी गेली त्या वर्षीही फीत बांधली.

दवाखान्यात शेवटी शेवटी त्याला बायकोचं नाव आठवेना. पण एका दुपारी तिचं मनगट घट्ट धरून म्हणाला, “कोपरा ठेव हं.”

“ठेवते,” ती म्हणाली होती.

खिडकीत शेजारचा ओर्व्हिल डोकावला. “काकू, उपाशी मारता का? नेस्तोरकाका सांगायचेच, बायकोची हाक येईपर्यंत माणूस वाळून जातो.”

“वाळला कुठे होता? कमरेचा पट्टा दर वर्षी एक भोक पुढे जायचा,” पारास्का म्हणाली. तो हसला, तीही हसली.

“एकच फेरी राहिलीय,” ओर्व्हिल म्हणाला. “ती झेनॉनला दिलीय. बापाची शेवटची फेरी लेकानेच मारावी.”

पारास्का फीत घेऊन निघणारच होती, ती थांबली. झेनॉन तीस वर्षं कॅल्गरीत कचेरीत बसत होता खरा, पण सात वर्षांचा असल्यापासून फीत धरायला बापाबरोबर तोच जायचा. त्याला वेगळं सांगायची काय गरज? करंज्या एकमेकींना चिकटू लागल्या होत्या. ती चुलीकडे वळली.

झेनॉन आत आला तेव्हा धुळीने माखलेल्या गालांवर पाण्याचे दोन ओघळ होते.

“झालं, आई.”

“आणि कोपरा?”

“सगळं साफ. ओर्व्हिलकाका म्हणाले, बापाने बघायला हवं होतं तुझ्या. एक ओंबी मागे ठेवली नाही मी.”

पारास्काच्या हातातला झारा तसाच राहिला. झेनॉनची नजर तिच्या खिशातून लोंबणाऱ्या लाल टोकावर गेली. दार उघडं टाकून धावत सुटला.

माणसं हात धुऊन आत येत होती. “बसा, निवतंय,” ती म्हणाली. सोळा ताटं वाढली, प्रत्येकाला साय आहे की नाही पाहिलं. मग पावाचा तुकडा आणि टेबलावरची मिठाची वाटी उचलून मागच्या दाराने निघाली.

झेनॉन दगडांजवळ गुडघे टेकून धसकटं बाजूला सारत होता. तळहात खरचटले होते. “पडलेली तरी एखादी सापडेल, आई. रडत होतो गं, काही दिसतच नव्हतं मला. बाबांची जागा... मी कसा विसरलो?”

नवं यंत्र काही मागे ठेवत नाही. ती त्याच्या शेजारी बसली. चार बोटं उंचीच्या धसकटांची जुडी करून तिने फीत बांधली. सुटली. पुन्हा बांधली. पुन्हा सुटली.

“ठेवते म्हणाले होते मी त्याला,” ती म्हणाली.

झेनॉन अजून शोधतच होता.

घरातून ओर्व्हिलची हाक आली, “काकू, मीठ कुठे ठेवलंत?”

वाटी तिच्या मांडीवर होती.