सुरभीच्या बदल्यात रुता

आपली सुरभी तिकडे रुताच्या खोलीत झोपते आणि ती रुता इकडे सुरभीच्या खोलीत येऊन राहणार, हे कळलं त्या दिवसापासून इंदूबाईंच्या डोक्यात एकच शब्द घर करून बसला : साटंलोटं.

सुरभी त्यांची नात, मुलाची मुलगी. नागपुरात दोन वर्षं नोकरी केली, पैसे साठवले आणि पाठीवर पिशवी टाकून एकटीच परदेश फिरायला निघाली. राहायचं कुठं, तर हॉटेलात नाही, तिथल्या लोकांच्या घरी. ना ओळख ना पाळख. फिरत फिरत ती लिथुआनिया नावाच्या थंड देशात दालिया नावाच्या बाईकडे पोचली. ("नाव तं न्याहारीचं हाय," इंदूबाईंचे यजमान बबनराव म्हणाले होते.) या दालियाची मुलगी रुता. तीही सुरभीसारखीच घरोघरी राहत हिंदुस्थान बघायला निघाली होती. सुरभी तिला म्हणाली, मग आमच्या घरी जा की. राळेगावजवळ आमचं गाव आहे, आजी आहे, आई आहे, पराटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर आहे.

"साटंलोटं कायचं त्याच्यात?" बबनराव वैतागले. "लग्न थोडीच लावून राह्यलो आपण?"

"लगन नसलं तरी पोरगी पोरगीच असते ना. आपली त्यायच्या घरात, त्यायची आपल्या घरात."

बबनरावांनी वाद घातला नाही, कारण साटंलोटं म्हणजे काय हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांची बहीण रामीबाई मुकुटबनला इंदूबाईंच्या भावाला दिलेली आणि इंदूबाई यांच्या घरात आलेल्या. दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागली. जेवणावळीचा खर्च वाचला म्हणून दोन्हीकडचे म्हातारे खूश होते. पुढचं मात्र दोन्ही पोरींनी भोगलं. तिकडं रामीबाई उदास दिसते, अशी कुणकुण बाजाराच्या दिवशी कोणी आणली की इकडं इंदूबाईंच्या ताटातलं तूप बंद. सासू तोंडानं एक शब्द बोलायची नाही, नुसता वाढताना हात आखडायची. आणि एकदा तर रामीबाई उन्हाळ्यात माहेरी येऊन बसली ती जाईचना. मग लगेच इंदूबाईंची पेटी बांधून त्यांनाही बैलगाडीनं मुकुटबनला धाडलं. दोन्ही घरच्या लेकी माहेरी, दोन्ही घरच्या चुली सासवांच्या गळ्यात. ते दिवस इंदूबाई विसरल्या नव्हत्या. स्वतःच्या आईच्या घरात त्या परक्यासारख्या ओसरीवर बसून असायच्या आणि कोणी त्यांच्याशी धड बोलायचं नाही, कारण त्या आल्या म्हणजे काहीतरी बिनसलंय.

म्हणून रुता आली तेव्हा त्यांनी मनाशी पक्कं केलं. या पोरीला इथं काही कमी पडू द्यायचं नाही. हिच्या ताटातलं तूप हलता कामा नये, म्हणजे सुरभीचंही हलणार नाही.

रुता उंच, नाकावर बारीक ठिपके, केस पोरासारखे कापलेले. आल्या आल्या मांडी घालून बसली आणि हातानं जेवली. इंदूबाईंना ती लगेच आवडली. पहिल्या दिवशी पुरणपोळी झाली, दुसऱ्या दिवशी पाटोडीचा रस्सा, तिसऱ्या दिवशी वावरात गोवऱ्यांवर रोडगे भाजून वांग्याची भाजी. पोरगी खायची, हसायची, पोटावर हात फिरवून पुरे म्हणायची. पुरे म्हटलं की इंदूबाई आणखी वाढायच्या. परक्या घरात पोर एकटं झोपवायचं नसतं म्हणून आपली खाट त्यांनी तिच्या खोलीत टाकली. न्हाणीची कडी जरा ढिली होती, तर ती आंघोळ करून येईपर्यंत बाहेर पाट टाकून बसायच्या. ती वावराकडे निघाली की सुनेला, अंजूला, मागे पिटाळायच्या. पुस्तक उघडून बसली की तिला करमत नसेल म्हणून गल्लीतल्या बायांना बोलवायच्या. बाया यायच्या, गोल करून बसायच्या आणि तिच्याकडे बघत राहायच्या.

"हिचा नवरा काय करते वो?"

"लगन नाही झालं अजून."

"बाप्पा! अन् एकटी फिरून राह्यली?"

"आपली सुरभी नाही फिरून राह्यली?" इंदूबाई म्हणायच्या, आणि बाया चहाच्या कपाकडे वळायच्या.

तिकडून सुरभीचा व्हिडिओ कॉल यायचा. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आजी, घरात मी एकटीच आहे. दालिया काकू ड्युटीवर गेल्या. फ्रीजमधलं काढ आणि खा म्हणाल्या."

"पाहुणीले एकटं सोडून गेली?"

"अगं, मजेत आहे मी."

मजेत हाय. इंदूबाईंनी हे शब्द स्वतः किती वेळा म्हटले होते! माहेरचं कोणी भेटायला आलं आणि सासू दाराआड उभी असली की हेच म्हणायचं असतं. त्यांनी फोनमध्ये डोकावून बघितलं. सुरभीच्या मागे भिंत होती, एक खिडकी होती, काचेवर पाणी ओघळत होतं. दाराआड कोणी होतं का, ते दिसत नव्हतं.

आणि दुसऱ्याच दिवशी रुतानं खोलीचं दार लावून घेतलं.

जेवायची हाक मारली, उठली नाही. अंजूनं दार वाजवलं तेव्हा फोनवर काहीतरी टाइप करून तिनं फोन पुढं धरला. फोन पुस्तकी मराठीत बोलला, "मला थोडा वेळ एकटीला राहायचे आहे. कृपया."

"एकटी कायले? कोण काय बोललं हिले?" इंदूबाईंनी अंजूकडे पाहिलं. "तू बोलली?"

"मी काय बोलू आई? मले अर्धं इंग्रजी येते, अन् त्यातलं अर्धं तिले समजते."

संध्याकाळी रुता आपल्या भाषेत आईशी खूप वेळ बोलत होती. इंदूबाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. शब्द एक कळत नव्हता, पण पोरगी मधूनमधून नाक ओढत होती हे कळत होतं. नाक ओढायला भाषा लागत नाही. त्या रात्रीच्या स्वयंपाकात त्यांचं लक्ष नव्हतं. कुठं चुकलं? पोळी गार होती? गल्लीतल्या त्या उकंडाच्या बायकोनं तिच्या केसांना हात लावला, ते मनाला लागलं?

सकाळी बघतात तर खाटेवर पिशवी भरून ठेवलेली.

"चार दिवसांनी ढाणकीच्या एका घरी जाणार होती ना ती," अंजू म्हणाली, "आता आजच जातो म्हणते. दुपारच्या एसटीनं."

इकडची निघाली. म्हणजे आता तिकडं काय होणार, हे इंदूबाईंना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी अंजूचा फोन उचलला आणि सुरभीला लावला. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं.

"उठ. पिशवी भर अन् निघ त्या घरातून."

"आजी? काय झालं?"

"इकडं सारं बिनसलं माय. त्यायनं काढाच्या आधी तूच निघ. माहं ऐक." हुंदका फुटला आणि रेंज गेली.

जिवाला चैन पडेना म्हणून त्यांनी मुकुटबनला रामीबाईंना फोन लावला. या बाबतीत जगात दुसरं कोणाला विचारणार? सगळं ऐकून घेऊन पलीकडून रामीबाई म्हणाल्या, "वैनी, तुमचं डोस्कं ठिकाण्यावर हाय काय? पोरीले अंधारात घराबाहेर काढलं?"

"तुम्ही रुसून आल्त्या तवा मले नोतं काढलं?"

"कोण रुसलं होतं? मी?"

"दोन महिने बसल्या होत्या ना माहेरी!"

"अवो, मी रुसून नोती आली. आपल्या अंगणातला आंबा तवा पयल्यांदा लागला होता. मले तो खायाचा होता. अन् मायजवळ झोपाचं होतं. मी तं कोणाले काहीच नाही म्हटलं."

"मंग मले काहून धाडलं?"

"तुमच्या सासूले इचारा! मलेच कोठं मालूम? मी आंबे खाऊन राह्यलती, अन् एक दिवस पाह्यतो तं वैनीची पेटी गाडीत."

पन्नासाच्या वर वर्षं इंदूबाई समजत होत्या की मुकुटबनला, आपल्याच भावाच्या घरात, रामीबाईंचं काहीतरी फार मोठं दुखलं होतं. आणि ही म्हणते आंबा.

तेवढ्यात रुता खोलीतून धावत बाहेर आली. चेहरा पांढराफटक. तिच्या आईचा फोन आला होता. सुरभी अंधारातच पिशवी घेऊन घरातून निघून गेली, काही सांगितलं नाही, रडत होती. आई विचारत होती, माझ्याकडून काय चुकलं? तिला काय कमी पडलं?

अंजूनं हे मराठीत सांगितलं. कालपासून इंदूबाईंच्या मनात जे चाललं होतं, तेच ती बाई तिकडं म्हणत होती, अक्षर न अक्षर.

मग सुरभीला फोन लावायची एकच घाई. लागेना, लागेना, शेवटी व्हिडिओ कॉल लागला. ती बसस्टॉपवर थंडीत कुडकुडत बसली होती आणि फोनवर परतीच्या विमानाचं तिकीट शोधत होती.

"आई, खरं सांग," ती रडत रडत अंजूला म्हणाली, "आबा गेले ना?"

"कोठं गेले? बैलायले पाणी पाजून राह्यले."

"खोटं बोलू नको. आजी रडत होती."

शेवटी बबनरावांना गोठ्यातून हाताला धरून आणलं. त्यांनी फोन तोंडासमोर धरला आणि वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारावी तसे ओरडले, "सुरभे! मी जिता हाय! तुही आजी येडी झाली, बाकी सारे बरे हाय!"

पलीकडे आधी हसणं, मग पुन्हा रडणं. तिथंच एक गाडी येऊन थांबलेली दिसली. त्यातून झोपेच्या कपड्यांवर कोट घातलेली एक जाडशी बाई उतरली. दालिया. तिनं आधी सुरभीच्या गळ्यात आपला मफलर गुंडाळला आणि मग फोनमध्ये वाकून इंदूबाईंकडे पाहिलं. मधे सुरभी, इकडे अंजू आणि रुता, अशा दोन-तीन भाषांतून बोलणं पोचत होतं.

"त्या विचारतायत आजी, त्यांनी काय करायला पाहिजे होतं?"

"तिले सांग, काहीच नाही. अन् हिले इचार अंजू, आपल्याकडं काय कमी पडलं?"

रुतानं शब्द शोधत शोधत सांगितलं. मग अंजू म्हणाली, "ती म्हणते, सारं लय छान होतं. फक्त दिवसातून घडीभर तिले गप्प बसाची सवय हाय, एकटीनं. आपण सोडतच नव्हतो. ते सांगाची तिले लाज वाटली, म्हणून निघतो म्हणाली. रागावली नाही."

"एकटं बसाचं? अन् ते तिले बरं वाटते?"

"हाव."

इंदूबाईंनी रुताकडे पाहिलं. ओसरीवरचे ते दोन महिने त्यांना आठवले. कोणाला ते हवंसं वाटेल, हे काही केल्या त्यांच्या मनात उतरेना. पण पोरगी खोटं बोलत नव्हती, एवढं दिसत होतं.

ढाणकीच्या लोकांना येते म्हणून कळवून झालं होतं, तेव्हा रुता दुपारच्या एसटीनं निघालीच. इंदूबाईंनी तिची ओटी भरली, राळेगावच्या स्टँडपर्यंत गेल्या. खिडकीतून ती हात हलवत होती आणि रडतही होती, मग जाते कशाला, हेही इंदूबाईंना कळलं नाही.

दिवेलागणीला सुरभीचा फोन आला. ती दालियाच्या स्वयंपाकघरात बसून सूप पीत होती. आणखी आठवडाभर इथंच राहणार म्हणाली.

"त्या काकू काही बोलल्या?"

"कशाबद्दल?"

"त्यायची गेली ना आज इथून."

"हो, माहीत आहे त्यांना. बटाटे सोलतायत." सुरभीनं फोन फिरवून दाखवला. दालियानं सालं लागलेला हात वर केला.

फोन ठेवून इंदूबाई ओसरीवर येऊन बसल्या. बबनराव वैरण टाकून आले, पाय धुतले, शेजारी टेकले.

"आपली तिकडंच हाय," इंदूबाई म्हणाल्या.

"हाव."

"अन् त्यायची गेली."

"गेली."

"मंग आपल्या घरात आता त्यायचं कोण हाय?"

"कोणीच नाही."

"तं मंग," इंदूबाईंनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "त्या बाईनं आपल्या पोरीले कायच्या भरवशावर ठेवून घेतलं?"