उरलेला भागाकार

मित्रांनो, मला दोन तोंडं आहेत, पण म्हणून मी लबाड नाही. बोदलकशाच्या तलावाजवळच्या एका छोट्या गावातल्या शाळेचा मी म्हातारा लाकडी फळा. आमच्या शाळेत चार वर्ग आणि बसण्याजोगी खोली एकच. दुसऱ्या खोलीचं छप्पर गळतं. म्हणून गावच्या उदाराम सुताराने मला दोन्ही बाजूंनी रंधून गुळगुळीत केलं, दोन पायांवर खोलीच्या अगदी मध्ये उभं केलं आणि म्हणाला, "आता इकडून पहिली-दुसरी, तिकडून तिसरी-चौथी. भांडू नका." तेव्हापासून माझ्या एका तोंडावर बाराखडी असायची आणि दुसऱ्यावर गणितं. किती पोरं माझ्यासमोर मोठी झाली, मी मोजली नाहीत.

दर वर्षी मला काळं करायचा एक दिवस असे. पोरं घरोघरी जाऊन बॅटरीचे निकामी सेल गोळा करत. ते दगडाने फोडायचे, आतला काळा कोळसा वाटायचा, त्यात वालाच्या पाल्याचा रस घालायचा आणि फडक्याने मला चोळायचं. त्या दिवशी पोरांची तोंडं माझ्यापेक्षा काळी होत आणि मला लग्नातल्या नवरदेवासारखं वाटे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

आमच्याकडे मास्तर दोन होते. हिरालाल सर कायमचे. पण त्यांचा अर्धा दिवस मोबाइलवर माहिती भरण्यात जाई आणि उरलेला तालुक्याच्या बैठकांना. शिकवायच्या त्या दुलारी मॅडम. त्या मानधनावर होत्या, तेही वेळेवर येत नसे. तरी सायकलवरून सहा किलोमीटर यायच्या. एका तोंडावर "क"ला काना द्यायच्या, पोरांना गिरवायला लावायच्या आणि वळसा घालून दुसऱ्या तोंडावर भागाकार मांडायच्या. दिवसभरात माझ्याभोवती त्यांच्या किती फेऱ्या होत, विचारू नका. संध्याकाळी त्यांच्या टाचा दुखत, हे फक्त मला माहीत होतं, कारण सगळे गेल्यावर त्या माझ्याच पायाशी बसत.

यंदा दिवाळीनंतर कळलं की मॅडमची मुदत संपत आली आहे आणि पुढे पैसा नाही. नेमके त्याच आठवड्यात मोठे साहेब शाळा बघायला येणार होते. गावाने अर्ज लिहिला, "आमची मॅडम ठेवा." पोरं चांगली शिकली आहेत हे साहेबांना दिसलं की अर्ज मान्य होईल, असं सगळ्यांना वाटलं. आता सगळं माझ्यावर येऊन पडलं. आणि मी तर पार पांढरा पडलो होतो.

पोरं सेल शोधायला निघाली आणि हात हलवत परत आली. आता घरोघर चार्जिंगच्या बॅटऱ्या आहेत. सेल कुठून आणणार? रंगाला शाळेकडे पैसा नव्हता. तेव्हा चौथीतल्या खुशीचे वडील जागेश्वर पुढे आले. ते तलावात डोंगा, म्हणजे लहान होडी, घेऊन मासेमारी करतात.

"काऊन चिंता करता जी मॅडम?" ते म्हणाले. "आमच्या डोंग्याले डांबर लावतो ना, थेच लावून देतो. तीन वर्स पाण्यात राहते, तरी काळं तं काळंच."

मॅडमना वाटलं, काळं ते काळं. संध्याकाळी जागेश्वरनी दोन्ही बाजूंना डांबर फासलं. किती मायेने फासलं म्हणून सांगू, डोंग्याच्या बुडाला लावावं तसं, एक भेग सोडली नाही. सकाळी मी चकाकत होतो. मला स्वतःचा अभिमान वाटला, मित्रांनो. त्या अभिमानाची मला आज लाज वाटते.

साहेब आले. त्यांनी खुशीला उठवलं आणि शहाण्णव भागिले चार करायला सांगितलं. ती ऐटीत आली, लिहू लागली. खडू माझ्या अंगावरून नुसता घसरत होता. तिने जोर दिला, तसा तो मोडला. डांबर ओलंच होतं, तिची बोटं चिकटली.

"काही लिहिलंच नाहीस?" साहेबांनी विचारलं.

"लिवलं तं आहे जी साहेब. तुमाले दिसून नाही राहिलं," खुशी म्हणाली. "चोवीस."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. जवळ येऊन बघताना त्यांची पांढरी बाही माझ्या कडेला लागली, तरीही रागावले नाहीत. हिरालाल सरांनी अर्ज पुढे केला. साहेबांनी तो वाचला, घडी घालून फाइलमध्ये ठेवला.

"मॅडमचं माझ्या हातात नाही हो," ते म्हणाले. "मानधन वरूनच बंद झालंय. पण फळ्याचं मी बघतो. फळ्याला पैसा आहे."

साहेब गेल्यावर जागेश्वर घरी गेले. दुसऱ्या दिवशी डिझेल आणि राख घेऊन आले आणि मॅडमसोबत माझी एक बाजू खरवडत बसले. शनिवारी त्या बाजूवर खडू उठू लागला. मॅडमनी चौथीला नवा धडा घेतला, तीन अंकी भागाकार. आठशे बावन्न भागिले सहा. वर एक लिहिला, खाली सहा वजा केले, दोन उरले. तेवढ्यात शाळा सुटायची वेळ झाली.

"उरलेलं सोमवारी," मॅडम म्हणाल्या.

रविवारी त्यांना फोन आला. मुदत संपली, उद्यापासून येऊ नका. सोमवारी पोरं फाटकाशी सायकलची वाट बघत बसली. मॅडम आता फुलचूरला एका कापडाच्या दुकानात आहेत म्हणतात.

साहेबांनी शब्द पाळला. दोन महिन्यांनी नवा हिरवागार फळा आला. दोन माणसांनी तो भिंतीवर ठोकला आणि मला खिचडीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांमागे सरकवलं. नवा फळा देखणा आहे. त्याला तोंड एकच, आणि त्यावर वरच्या कोपऱ्यात तारीख असते. बाकी तो बहुतेक दिवस कोराच असतो. हिरालाल सर एकटे काय काय करणार?

सर बैठकीला गेले की खुशी लहान पोरांना घेऊन माझ्याकडे येते. तळाच्या कोपऱ्यात त्यांना "का" आणि "की" गिरवून देते. मॅडमचा भागाकार तिने कोणाला पुसू दिलेला नाही. पोरं लिहीत असली की ती त्याच्यासमोर उभी राहते. हातात खडू असतो.

"आता पाच खाली घ्याचा का?" असं ती हळूच विचारते. मग खडू खाली ठेवते. चौथी संपत आली. ती अजून तिथेच आहे.

मित्रांनो, हो, पाचच खाली घ्यायचा. मला सगळं उत्तर येतं. एकशे बेचाळीस. पण दोन तोंडं असूनही मला तिच्याशी बोलता येत नाही. फळ्याची काळजी घ्या, असं आम्ही जुने फळे आपल्या आत्मकथेच्या शेवटी नेहमी सांगतो. मी नाही सांगणार. फळ्याची काळजी घेतली गेली, साहेबांनी फळ्यासाठी पैसा आणला. तुम्ही मोठे व्हाल, कोणी साहेब व्हाल. तेव्हा अशा एखाद्या शाळेत आलात, तर फळा बघण्याआधी त्याच्याभोवती फेऱ्या मारणारी बाई आहे का, ते बघा. आणि आमच्या शाळेत मात्र मोठे व्हायची वाट बघू नका, जमलं तर पुढच्या सोमवारच्या आतच या. खुशी वाट बघते आहे.