चौदाशे बारा चुकांचा खेळ

मित्रांनो, पत्ते पिसता येतात, सोंगट्या हलवता येतात. मला मात्र यंत्रात घालावे लागते. मी एक जुना जपानी व्हिडिओ गेम आहे. दिसायला तळहाताएवढी चकती. खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन लांबलचक प्रवासाला निघतो, त्या जातीचा.

माझा जन्म एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर झाला. तिथे चाळीस माणसे पाच वर्षे राबत होती. त्यांच्या दिग्दर्शकाला सगळे पाठीमागे 'शंभरगावे' म्हणत, कारण त्याला माझ्यात शंभर गावे हवी होती आणि गावातल्या प्रत्येकाला स्वतःचा दिनक्रम. लोहाराने सकाळी भट्टी पेटवावी, बायकोने त्याच्याशी भांडावे, आणि खेळणारा तिकडे फिरकला नाही तरी ते भांडण व्हावे, असा त्याचा हट्ट.

"जो त्या गावात येणारच नाही, त्याच्यासाठी भांडण कशाला?" एका प्रोग्रामरने विचारले.

"त्याच्यासाठी नाहीच ते. त्या दोघांचं आहे," शंभरगावे म्हणाला.

हौसेला मोल नसते, पण मुदत असते. मुदत आली तेव्हा एकसष्ट गावे झाली होती. उरलेल्यांच्या वेशीवर एकेक पहारेकरी उभा केला गेला. तो फक्त "आज नाही" म्हणतो. संवादांचे तुमच्या भाषेत भाषांतर एकटी बाई करत होती. तिला चित्रे कुणी दाखवलीच नाहीत, नुसती वाक्यांची यादी दिली आणि अकरा दिवस. माझी अक्षरे पडद्यावर एकेक करून उमटतात. ती भराभर उमटवणाऱ्या बटणाचे काम ज्याच्याकडे होते, तो मध्येच नोकरी सोडून गेला आणि ते बटण राहूनच गेले.

"आडात भरपूर आहे, पोहराच फुटका," असे एका समीक्षकाने लिहिले. ते खरे होते.

एका शाळकरी मुलीने मला वाढदिवसाला मागून घेतले. पाचव्या प्रकरणापर्यंत ती आली, कंटाळली आणि मी कपाटावर चढलो. तिथे सोळा वर्षे धूळ खाल्ली. माझी तक्रार नाही. तेवढ्या काळात ती मोठी झाली, क्रेन चालवायला शिकली.

तिचे वडील छापखान्यात प्रुफे तपासत. दूधवाल्याची चिठ्ठीसुद्धा ते लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवत. एके दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणेही गेले. समोरच्याचे सगळे कळे, पण शब्द ओठांपर्यंत येऊन माघारी फिरत. वाचा सुधारायला येणाऱ्या बाई त्यांच्यापुढे चित्रांची कार्डे मांडत: छत्री, सफरचंद, बदक. तिसऱ्या दिवशी त्यांनी बदक भिरकावून दिले.

"बाबा, निदान प्रयत्न तरी करा!" मुलगी म्हणाली. बाबांनी भिंतीकडे तोंड केले.

असे सात आठवडे गेले. एका दुपारी, घरात कसला तरी आवाज असावा म्हणून, तिने मला खाली काढले, फडक्याने पुसले आणि लावले. बाबा आरामखुर्चीत होते. पडद्यावर सराईची मालकीण आली आणि एकेक अक्षर उमटू लागले: "आपण थकला आहात. कृपया झोप खा."

बाबांचे डावे बोट वर झाले.

"चू..."

मुलीचा अंगठा बटणावरच थांबला.

"चू... चूक."

"हो बाबा, चूक! मग तिथं काय पाहिजे?" ती सांगणारच होती, पण त्यांनी हातानेच तिला थांबवले. घड्याळाचा काटा बराच पुढे सरकला. सराईची मालकीण जागच्या जागी डुलत राहिली. मला कुठे जायचे नव्हते.

"घ्या," बाबा म्हणाले. "झोप... घ्या."

मुलगी स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ नुसताच वाहत होता.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी आम्ही तिघे बसू लागलो. चुका टिपायला वही आली, लाल पेन आले, डाव्या हाताचे वेडेवाकडे अक्षर आले. एका किल्ल्यात माझा सेनापती "शत्रू आला, दरवाजे लावा" असे न म्हणता "दरवाजे पेरा" म्हणतो. त्या दिवशी बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. महिन्याने वाचेच्या बाईंनी विचारले, "कुठली पद्धत वापरताय?"

"चुकांची," मुलगी म्हणाली.

बाईंनी खुर्ची ओढली, अर्धा तास पाहिले आणि बदक मुकाट्याने पिशवीत टाकले.

बाबा एकाही गावकऱ्याला सोडत नसत. माझ्यात एक दोष आहे. एकसष्ट गावांतल्या सगळ्यांशी बोलून कुणी नवव्या प्रकरणातल्या पुलावर आले, की माझी स्मृती भरून जाते आणि मी गोठतो. इतके बोलणारा कुणी भेटलाच नव्हता, म्हणून दोष झाकलेला राहिला. बाबांनी तो उघड केला. मुलीने चारदा यंत्र बंद करून पाहिले. मी चारदा गोठलो.

"पाच महिने घातले आपण! आता शेवट दिसणारच नाही?" तिला रडू फुटले.

"शेवट... कुणाला हवाय?" बाबा वही थोपटत म्हणाले. "चौदाशे... बारा."

त्या रडण्यात माझा वाटा थोडाच होता. त्याच आठवड्यात दूरच्या एका बंदरातून तिला पत्र आले होते: क्रेनवर जागा आहे, पंधरा दिवसांत रुजू व्हा. तिने उत्तर लिहून टेबलावर ठेवले, "घरच्या अडचणीमुळे मी रुजू होऊ शकत नाही," आणि ती भाजी आणायला गेली.

बाबांनी ते दोनदा वाचले. मग लाल पेन घेऊन 'शकत नाही'वर काट मारली आणि समासात 'शकते' लिहिले. थोडा वेळ थांबून त्यांनी 'घरच्या अडचणीमुळे' हेही खोडले.

मुलगी आली, तिने कागद पाहिला. "बाबा, हे काय? तुमचं कोण बघणार?"

"आत्या... दोन गल्ल्यांवर आहे. फोन... आहे." एकेका शब्दाला वेळ लागत होता, आणि ती मध्ये बोलली नाही. "आणि मी... बोलतो. मी... अडचण नाही."

तिने पिशवी खाली ठेवली, कोरा कागद घेतला आणि ते एक वाक्य स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिले. पत्र पेटीत टाकायला दोघे मिळून गेले. बाबा काठी टेकत, तिच्या एक पाऊल पुढे.

मित्रांनो, चकती नेहमी कडेने धरा, तिच्यावर बोटे उमटवू नका, एवढेच माझे स्वतःसाठी मागणे आहे. माणसांतले मला फारसे कळत नाही. पण कुणी शब्द शोधत असेल, तर तुमचा शब्द त्याच्या तोंडात कोंबू नका. त्याला सापडेपर्यंत शेजारी बसून राहा.