मानीबाईच्या कोनाड्यातला मोबाईल

“जेवढं हातानं होते तेवढंच बोल, रंजिता. जे देता येते तेच दाखव. माह्यं नाव लावून राह्यली, त माह्यी रीतबी संग लाव.”

मानीबाईचे हे शब्द अजून माझ्या कानांत आहेत. मला कान कसले, म्हणाल तुम्ही. मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, पाठीला रबर बांधलं आहे आणि तासाभराच्या वर माझा दम टिकत नाही. पण ऐकायला मला अजून छान येतं.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतात ते पुसदचे साकेतराव. ते सरकारी कचेरीत होते. दोन वर्षं त्यांनी मला शर्टाच्या खिशात वागवलं आणि नवा मोबाईल आल्यावर दुकानात देऊन टाकलं. मी दुकानाच्या खणात जुन्या बॅटऱ्यांमध्ये पडून राहिलो. आपलं आयुष्य संपलं, असंच मला वाटत होतं. त्याच दुकानात बादल कामाला होता. त्याने मला पुसून स्वच्छ केलं, नवी बॅटरी घातली आणि तांड्यावर आपल्या घरी नेलं. दारातच त्याच्या बायकोने, रंजिताने, मला हळदकुंकू लावलं. कारखान्यातून निघालो तेव्हासुद्धा माझा एवढा मान झाला नव्हता.

त्यांचा बंजारा तांडा पुसदच्या पलीकडे टेकडीच्या अंगाला आहे. तिथे रेंज दोनच ठिकाणी मिळते. एक मोहाच्या झाडाखाली आणि दुसरी मानीबाईच्या दाराशेजारच्या कोनाड्यात. मानीबाई म्हणजे बादलची आई. रंजिता तिला याडी म्हणते. त्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. कोनाड्यात सेवाभायाचा, म्हणजे त्यांच्या संताचा, दिवा असे. त्याच्याच शेजारी माझी जागा झाली.

मानीबाईचा एक नेम होता. पहाटे दिवा लावायचा, सुई कपाळाला टेकवायची, चार टाके घालायचे आणि मगच तोंडात पाणी घ्यायचं. ताप असला तरी हा नेम चुकला नाही. लाल कापडावर आरसे, रंगीत दोरा आणि कडेने पांढऱ्या कवड्या टाचून ती कोथळी शिवायची. कोथळी म्हणजे बायकांनी कमरेला खोचायची छोटी पिशवी. तिच्यासोबत पुष्पा आणि रुपीबाई या शेजारणीही शिवत. तिघींच्या हातून महिन्याला चार कोथळ्या होत, फार तर पाच.

आणि मानीबाईची एक रीत होती. कोथळी पूर्ण झाली तरी शेवटची कवडी ती टाचायची नाही. कोथळी कोणाच्या घरी चालली ते आधी विचारायची. मग त्या घरच्या बाईचं नाव तोंडाने घ्यायचं आणि ती कवडी टाचायची. “नाव घेतल्याबिगर दिलं, त ते टाकून देल्यासारखं होते,” असं ती म्हणे.

रंजिता बारावी शिकलेली. तिने माझ्यावर एक पान उघडलं आणि त्याला नाव दिलं ‘मानीबाईची कोथळी’. तेव्हाच मानीबाईने तिला मघाचे शब्द ऐकवले होते. रंजिताने मान डोलावली आणि पानावर पहिली ओळ लिहिली: शेवटची कवडी मानीबाई तुमचं नाव घेऊन टाचते. लोकांना ती ओळ फार आवडली. यवतमाळहून, नागपूरहून, कुठून कुठून चौकशा आल्या. रंजिता माझ्यात बघून नाव वाचायची, मानीबाई ते हळू आवाजात घ्यायची आणि कवडी बसायची. तिन्हीसांजेला दिवा लागला, की रंजिता लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवी. पदर सावरून मानीबाई पोथी ऐकावी तशी ऐके. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग चुका सुरू झाल्या. कोणी वाईट मनाने केल्या नाहीत. हौसेनेच केल्या.

पहिली चूक रंजिताची. मानीबाईच्या लग्नात तिच्या आईने एक कोथळी शिवून दिली होती. तसं काम आता कोणाला जमत नाही. रंजिताने तिचाच फोटो पानावर सगळ्यांत वर लावला. ती कोथळी विकायची नव्हतीच. पण जो येई तो हीच पाहिजे म्हणे.

दुसरी हौस बादलची. दुकानात त्याने ऐकलं होतं, की पानावर रोज काहीतरी टाकावंच लागतं. मग शुभ सकाळ, शुभ रात्री, हा सण, तो दिवस. फुलांच्या आणि समयांच्या चित्रांनी माझं पोट फुगलं. चार वेगवेगळ्या ॲपवर चार पानं निघाली आणि चारही ठिकाणी तेच ते ओतलं जाऊ लागलं. कोणी किंमत विचारली, की उत्तर ठरलेलं: इनबॉक्स पहा. मानीबाईने एकदा विचारलंच, “भाव चारचौघांत सांगाले लाज कायची? बाजारात बसल्यावर गिऱ्हाइकाच्या कानात भाव सांगतं काय तू?” रंजिता हसली, पण उत्तर तेच देत राहिली.

एका दुपारी बादलने कोणाला तरी पैसे देऊन पानावर पाच हजार माणसं आणवली. खरंच, एका दुपारीत पाच हजार. रंजिताने ही बातमी सांगितली तेव्हा मानीबाईची सुई थांबली.

“आन् एवढ्याइले चहा कोन पाजीन?”

घरभर हसू झालं. पण त्या पाहुण्यांपैकी एकानेही कधी पाणी मागितलं नाही, की आरसे कुठून आणता म्हणून विचारलं नाही. ते नुसते आकड्यात बसून राहिले. खरी विचारणारी माणसं त्या गर्दीत मागे पडली. त्यांचे निरोप माझ्यात येत, टिंग वाजत आणि तसेच पडून राहत.

आकडा मोठा दिसू लागला, तशा मागण्या वाढल्या. बादल सगळ्यांना हो म्हणत गेला. तीन बायकांच्या हातांना ते झेपणार कसं? मग त्याने शहरातल्या बाजारातून तयार पिशव्या आणल्या. त्यावर आरसे छापलेले होते आणि कवड्या डिंकाने चिकटवलेल्या. दुकानातूनच परस्पर अकरा घरी त्या रवाना झाल्या, मानीबाईच्या नावाने. रंजिताला हे नंतर कळलं.  पण घरात वाद नको म्हणून तिने ते गिळलं. संध्याकाळच्या वाचनात ती फक्त गोड गोड वाचू लागली.

मानीबाईला लिहिता-वाचता येत नाही, पण मोजता येतं. एके दिवशी आरसा टाचता टाचता ती म्हणाली, “इतक्या कोथळ्या गेल्या म्हनतं, रंजिता. मंग मले नावं काहून नाही सांगितली?”

 चुलीत फूक घालायला रंजिता उठून आत गेली. चूल तर चांगली पेटलेली होती.

त्याच आठवड्यात शाल्मली नावाच्या मुलीने पानावर लिहिलं, की फोटोतली कोथळी वेगळी आणि आलेली वेगळी. त्याआधी चार वेळा तिने निरोप धाडले होते. प्रत्येक निरोपानंतर तिला मिळालं ते समईचं चित्र. बादल म्हणाला, लोक वाचतील त्याआधी हे पुसून टाक. रंजिताने बोट ठेवलं आणि मी ते पुसलं. पुसणं मला फार सोपं असतं, मित्रांनो. पण ज्याचं मन दुखलं, त्याच्या घरी जाऊन मी काही पुसू शकत नाही. ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलंच होतं. हळूहळू मागण्या थांबल्या. रुपीबाई आणि पुष्पा दाराशी येत, काम आहे का विचारत आणि सुईची डबी पदरात घेऊन परत जात.

एका सकाळी मानीबाई पदराने माझी काच पुसत होती. रोजच पुसायची ती मला, दिव्याच्या तबकाबरोबर. तिचं बोट कुठेतरी लागलं आणि माझ्यातून एक आवाज निघाला. तो शाल्मलीने आदल्या दिवशी पाठवलेला निरोप होता. तिने तो बोलून पाठवला होता. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

“ताई, मला पैसे परत नकोत. कोणीतरी फक्त उत्तर द्या. आईच्या साठीला मी ती कोथळी दिली. तुम्ही लिहिलं होतं ना, की कवडी नाव घेऊन टाचता? आईने ती सगळ्यांना दाखवली, माझं नाव घेतलंय म्हणून. चौथ्या दिवशी ती कवडी गळून पडली. आईने ती उचलून देवघरात ठेवली. मंजुषा नाव आहे तिचं. खरंच घेतलं होतं का?”

आवाज संपला. मानीबाईने मला दोन्ही हातांत धरलं होतं. मग तिने हाक मारली, मोठ्याने नाही, “रंजिता, इकडे ये. मंजुषा. हे नाव मी घेतलंच नाही.”

रंजिता दारात उभी राहिली आणि तिथेच खाली बसली. रडत रडत तिने सगळं सांगितलं. अकरा घरं, डिंक, पुसलेली ओळ, सगळं. बादलही चहाचा कप घेऊन बाहेर आला होता. तो पुटपुटला, की धंद्यात असं सगळेच करतात, याडी.

मानीबाईने आवाज चढवला नाही. “तुह्या पणज्यानं, हरिसिंगानं, बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. नाल्यात गोनी भिजली, त गावात पोचाच्या आधी मानूस पाठवे. म्हने, मीठ कमी भरन, नाराज नोका होऊ. त्याच्यापाशी मोबाईल नोयता, बापू. तुह्यापाशी त हाये.”

बादलने कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला.

मग मानीबाईने रंजिताला विचारलं, की यात आपल्याला बोलता येतं का. रंजिताने बटण धरलं. मानीबाई माझ्या अगदी जवळ आली. तिच्या श्वासाची वाफ माझ्या काचेवर धरली.

“शाल्मलीबाई, मी मानीबाई बोलून राह्यली. तुह्या मायचं नाव घेतलं नोयतं. चूक माह्या घरची हाये. मी नवी शिवतो, आन् शेवटची कवडी तुह्या मायच्या दारात बसून टाचीन. थांबशीन ना?”

थोड्या वेळाने उत्तर आलं. दोनच शब्द होते. थांबते, आजी. आणि खाली पुसदमधल्या घराचा पत्ता.

त्या दिवसापासून घराची रीत बदलली. रंजिताने लग्नातल्या कोथळीचा फोटो काढून टाकला. त्या जागी तिने अर्धी शिवलेली कोथळी आणि मानीबाईचे हात दाखवले. खाली तिने लिहिलं, की आमची चूक झाली आहे, अकरा घरांना आम्ही नव्या कोथळ्या शिवून देणार आहोत, महिन्याला आमच्या हातून चारच होतात, किंमत ही आहे, घाई असेल त्यांनी आमच्यासाठी थांबू नये. चारपैकी तीन पानं तिने बंद केली. समयांची चित्रं थांबली. बादलने विकत आणलेले पाहुणे एकेक करून निघून गेले. आकडा इतका लहान झाला, की मला स्वतःचीच लाज वाटली. पण त्यातल्या एका बाईने विचारलं, आरशाभोवती हा टाका कसा घालतात. रंजिताने तिला उत्तर दिलं. तिने पुन्हा विचारलं. कितीतरी दिवसांनी माझ्यात गप्पा झाल्या.

आणि रंजिताने एक नेम धरला. सकाळी आलेल्या प्रत्येक निरोपाला उत्तर दिल्याशिवाय भाकरीचा तुकडा मोडायचा नाही. सासूचे चार टाके आणि सुनेची चार उत्तरं, दोन्ही एकाच कोनाड्याशी चालत. आपल्या दिव्याची वात आपणच पुढे सारावी लागते, हे तिला कळलं होतं. बादल आता दुकानातून येताना अकरा घरांपैकी एकेकाला फोन लावतो. पहिल्या फोनला त्याने आधी आपली चूक सांगितली. तिकडची बाई खूप बोलली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी तिचं नाव विचारून कागदावर लिहून आणलं.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी आपलं काहीतरी मागते. मला जपा, म्हणते. मी तसं मागणार नाही. माझी काच तडकली आहे, उद्या माझा दिवाही विझेल. एवढंच सांगतो. माझ्या काचेपलीकडे कोणीतरी बसलेलं असतं. त्याला जे दाखवाल ते खरं दाखवा. त्याने हाक मारली तर ओ द्या. तो रागावला तर त्याचं बोलणं पुसू नका, डोळे पुसा. आणि त्याचं नाव विचारा.

आज मंजुषाबाईंची कोथळी पूर्ण झाली. एक कवडी सोडून. मानीबाईचा आज उपास आहे; आजचा टाका मंजुषाबाईंच्या दारात पडेपर्यंत पाणीही घ्यायचं नाही. तिने दिवा लावला, सुई कपाळाला टेकवली आणि दोरा ओवून पदराला टोचून घेतली. कवडी पदराच्या गाठीत बांधली. बादल म्हणाला, याडी, गुडघे दुखतात तुझे, मीच गाडीवर नेऊन देतो. तिने नाही म्हणून मान हलवली. जिने शब्द दिला तिनेच जायचं असतं. रंजिता सोबत यायला चपला घालू लागली, तेव्हा ती एवढंच म्हणाली,

“तू हितंच राय, बाई. कोनी इचारलं त उत्तर कोन देईन?”

रंजिता माझ्याशेजारी बसली. कोथळी आणि पत्त्याचा कागद घेऊन मानीबाई फाट्याकडे, पहिल्या बसच्या वाटेने निघाली. मोहाच्या झाडापर्यंत तिचा आवाज मला येत होता. विसरू नये म्हणून ती एकच नाव पुन्हा पुन्हा घेत होती.