पाहुण्यांसमोरची साक्ष

जयवंताची साक्ष मला तिच्यापेक्षा चांगली पाठ आहे. चार वर्षांत तीसेक वेळा तरी ऐकली असेल, आणि पहिल्यांदा ती बसवून मीच दिली होती. येशूनं आपल्याला कसं सावरलं हे मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, एवढंच असतं साक्षीत. पण जयवंता सगळं उलटसुलट सांगायची. आधी दुःख, मग येशू, हे मीच शिकवलं. ऐकणाऱ्याला रडू कुठं यायला हवं ते मला कळतं, बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय.

बुटीबोरीच्या रस्त्यावर भाड्याच्या हॉलमध्ये आमची मंडळी जमते. बायकांचं सगळं माझ्याकडे. आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, त्यामुळे शोभाताईनं म्हटलं की झालं. जयवंता तिथल्याच सूतगिरणीत कामाला आहे.

त्याआधी कन्हानला वीटभट्टीवर असताना दिवसभर विटा वाहून ती घरी आली, चटईवर दोन महिन्यांच्या लेकीला पाजता पाजता तिला झोप लागली, आणि सकाळी लेक तिच्या अंगाखाली सापडली. सासरच्यांनी लेकरू खाणारी म्हणून हाकललं. माहेरीही कुणी उंबरा ओलांडू दिला नाही. आमच्याकडे आली तेव्हा ती स्वतःचं नावसुद्धा सांगत नव्हती. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकांनी तिला नावानं हाक मारली आणि देवाची लेक म्हटलं, तर बाई तासभर रडत होती.

तेव्हापासून पाहुणे आले की आम्ही म्हणायचो, ऊठ वं जयवंता. ती उठायची, सांगायची, आणि नंतर दोन दिवस जेवायची नाही, असं तिच्या खोलीतल्या बाया सांगत. मी लक्ष दिलं नाही.

जानेवारीत ती माझ्या घरी आली. रविवारच्या शाळेत लहान पोरांचा वर्ग घ्यायचा म्हणाली. पोरं तिच्या मागंमागं असतात, हे खरंच आहे. वर म्हणाली की साक्ष आता सांगणार नाही.

"ताई, देवानं माफ केलं म्हणता ना मले? मग तुम्ही काहून धरून ठेवलं?"

मला संताप आला. अक्षरावर बोट ठेवून बायबल वाचायला मी शिकवलं हिला, आणि ही मलाच शहाणपण शिकवते. तरी गोड बोलले. पाहुण्यांच्या रविवारी एवढी एकदा सांग, मग वर्गाचं पाहू. तिला वर्ग द्यायचं माझ्या मनात मुळीच नव्हतं. कोणती आई पोर पाठवेल? ती म्हणाली, प्रार्थना करून पाहते.

त्या रविवारी हैदराबादच्या मराठी मंडळीतले दहा-बारा पाहुणे आले. जयवंता दुसऱ्या रांगेत होती, मांडीवर सोनिकाची सव्वा वर्षाची पोर झोपलेली. सोनिका मंडळीत नवीन. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आयती सांभाळणारी मिळाली म्हणून ती खूश होती. मी जयवंताचं नाव पुकारलं. पोरीला खांद्यावर घेऊन ती उभी राहिली.

"मी जयवंता. येशूनं मले नवं केलं. बस, एवढंच."

आणि खाली बसली. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. माझी तर कानशिलं तापली. मी माइक घेतला आणि तिची साक्ष मीच सांगितली. विटा, चटई, सकाळ, काही सोडलं नाही. आवाज जिथं उतरवायचा तिथं उतरवला. पाहुण्यांनी रुमाल काढले. इतकी छान ती कधीच सांगितली गेली नव्हती, आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

सोनिका उठली. वाकली आणि तिनं जयवंताच्या मांडीवरून पोर उचलायला घेतली. सोनिकाचा हात पोरीच्या मानेखाली नीट जाईपर्यंत जयवंतानं आपला हात काढला नाही.

"हळू घे वं, झोपली आहे," ती म्हणाली.

पोरीला घेऊन सोनिका पार मागच्या रांगेत जाऊन बसली. आणखी दोघीतिघींनी आपापली पोरं जवळ ओढली.

जयवंता पुन्हा उभी राहिली. आता ही रडणार, असं पाहुण्यांना वाटलं असावं, कारण एकानं मोबाइल वर धरला. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताईनं सांगितलं ते खरं आहे. तरी येशूनं मले लेक म्हटलं. तुम्ही काय म्हणता, तुमचं तुम्ही पाहा."

साक्ष संपली की आमच्यात सगळे आमेन म्हणतात. बोबडी पोरंसुद्धा म्हणतात. ती तशीच उभी राहून वाट बघत होती. कुणीच म्हटलं नाही. मी पुढच्या गीताचा नंबर सांगितला.