धुऊन-पुसून ठेवलेलं नुकसान

मागची टेकडी घसरून चिखल घरात शिरला, त्याला बारा दिवस झाले होते. विम्याचा माणूस पाहणीला आला, तेव्हा बाईंचं घर आरशासारखं लख्ख होतं.

"चिखल कुठंय?" त्याने दारातच विचारलं.

"काढला की!" बाई म्हणाल्या. परका माणूस येणार आणि त्याला काय घोटाभर चिखलात उभं करायचं? अकरा दिवस त्या खोरं, घमेलं, खराटा घेऊन हात धुऊन चिखलाच्या मागे लागल्या होत्या. भिंतीवर उमटलेली रेघसुद्धा त्यांनी घासून काढली होती.

"फोटो काढलेत?"

"घाणीचे?"

त्याने कपाळ चोळलं. "बाई, फरशी खचलीय, मागची भिंत फुगलीय, कबूल. पण जुनी घरं आपोआपही खचतात. चिखल किती चढला ते दिसल्याशिवाय मला लिहिता येत नाही."

बाईंनी फुगलेल्या भिंतीकडे पाहिलं. भिंत आणि फरशी विम्याच्या पैशातूनच व्हायची होती. नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि लेकाच्या दोन खोल्यांत सुनेच्या कपाळावरच्या आठ्या मोजत बसायचं.

"तरी मी म्हणत होतो, एक खोली तशीच राहू दे," कंबर धरून बसलेला नवरा म्हणाला.

"तुम्ही काय हो, सगळंच तसंच राहू द्याल!"

विमेवाला हळूच म्हणाला, "घरात कुठे साफ करायचं राहिलंय का?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न विचारायची छाती सासूबाईंचीही झाली नव्हती. बाईंचे कान तापले. नवरा मुकाट्याने छताकडे बघायला लागला.

"दिवाणाखाली," शेवटी बाई चोरी कबूल केल्यासारख्या पुटपुटल्या. "जड आहे. हलेना."

दोघा पुरुषांनी तो कण्हत-कुंथत सरकवला. खाली वीतभर चिखल वाळून तडकलेला, आणि मागच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर ठसठशीत रेघ.

"वा!" विमेवाल्याने टेप उलगडली. बाईंनी तोंड फिरवलं. "फोटोत बाकीचं घरही येऊ द्या हो. नुसता हा कोपरा नको."

"येऊ देतो." मापं लिहून झाल्यावर त्याने पान उलटलं. "साफसफाईचा खर्चही मिळतो. किती माणसं लागली?"

"माणसं कुठली? मीच."

"किती दिवस?"

"अकरा."

"मजुरी काय धरू?"

बाई गोंधळल्या. बाजारातल्या प्रत्येक जिनसाचा भाव त्यांना तोंडपाठ होता, पण हा कुणी कधी विचारला नव्हता. "गवंड्याच्या हाताखाली बाई असते ना, तिची धरा," त्या म्हणाल्या.

"काही नको," नवरा म्हणाला. "गवंड्याची धरा."

विमेवाल्याने बाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराने उगाचच स्वच्छ टेबल पुसलं आणि म्हणाल्या, "ते म्हणतायत तर लिहा."